टॅगचा पल्ला : तक्त्यावरचे एक वाक्य

साताऱ्याहून सांगलीला निघाले की कराडच्या अलीकडे तासवडेचा टोलनाका लागतो. गाडी क्षणभर रेंगाळते, दांडा वर जातो, पैसे वळते होतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून हे दृश्य मुलांच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे आणि विज्ञान प्रदर्शनांत त्याच्या प्रतिकृतीही दिसतात. प्रतिकृती नीटनेटक्या असतात. आमची तक्रार आहे ती शेजारच्या तक्त्याबद्दल. ‘टॅगमधील चिप लहरी सोडते, यंत्र त्या पकडते. पल्ला १० मीटर.’ अशा धर्तीचे वाक्य आम्ही अनेकदा वाचले आहे. त्याचा पूर्वार्ध चूक आहे आणि उत्तरार्ध अर्धवट.

काचेवरच्या टॅगमध्ये बॅटरी नसते. मग लहरी सोडायला ऊर्जा कोठून आली? हा प्रश्न विद्यार्थ्याला पडायला हवा, पण तक्ता तो पडूच देत नाही. ऊर्जा येते ती नाक्यावरच्या वाचकयंत्राकडून. ते ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी गाडीवर टाकते. टॅगची अँटेना त्यांतली चिमूटभर ऊर्जा टिपून चिपला जागे करते. जागी झालेली चिप अँटेनाची जोडणी झपाझप बदलते, त्यामुळे परत फिरणारी लहर कमीजास्त होते आणि त्या चढउतारातच टॅगचा क्रमांक असतो. आरशाने कवडसा पाडून खूण करावी, तसे हे आहे. परावर्तित शक्तीने संदेश पाठवण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ सालीच एका निबंधात मांडली होती.

आता पल्ला. गणित अकरावीच्या आवाक्यातले आहे. यंत्र समोरच्या दिशेला, चहूकडे ४ वॅट फेकणाऱ्या उगमाइतके प्रखर आहे असे समजू. १० मीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे १२५७ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ३ मिलिवॅटच्या थोडे वर. तरंगलांबी साधारण ३५ सेंटिमीटर, तेव्हा साधी अर्धलहरी अँटेना सुमारे १५६ चौरस सेंटिमीटरवरची शक्ती टिपते. गुणाकार करा : ५० मायक्रोवॅट. चिपला १० ते २० मायक्रोवॅट लागतात असे धरले तर १० मीटरवर काम होते. २० मीटरवर शक्ती चौथाई, म्हणजे साडेबारा. अगदी काठावर! त्यातून टॅग तिरका असला की तेही गेले. यंत्राची शक्ती दुप्पट केली तरी पल्ला जेमतेम १.४ पट वाढतो. उष्णता परतवण्यासाठी काचेला धातूचा लेप असेल तर लहर आतच शिरत नाही. टॅग मुठीत धरून दाखवला तर हातातले पाणी ऊर्जा शोषते आणि अँटेनाचा सूरही बिघडवते. (काचेवर न चिकटवलेले टॅग काळ्या यादीत टाकण्याचे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले, ते मात्र मुख्यतः गैरवापर थांबवण्यासाठी.)

बँकेचे कार्डही याच कुळातले, पण तेथे १३.५६ मेगाहर्ट्‌झवर दोन वेटोळ्यांतील चुंबकीय प्रवर्तनाने काम चालते. वेटोळ्यापासून दूर जाताना ते क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणून पल्ला काही सेंटिमीटरच. एकाच तक्त्यावर दोघांना एकच आकडा देणे म्हणजे बैलगाडी आणि आगगाडीचा वेग एकच सांगणे.

ही काटेकोर किरकोळ वाटेल, पण तशी ती नाही. दोन्ही जिल्ह्यांत गाईम्हशींच्या कानांत पिवळे बिल्ले दिसतात. त्यांवर १२ अंकी क्रमांक आणि बारकोड छापलेला असतो. तो बिल्ला काहीही प्रक्षेपित करत नाही. उलट, नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून चांदोलीत आणलेल्या वाघिणीच्या गळ्यातली कॉलर बॅटरीवर चालते आणि खरोखर स्वतः लहरी सोडते. तक्ता वाचून गेलेले मूल या दोन्ही गोष्टी एकाच माळेत ओवते, आणि म्हैस चोरीला गेली तर ‘बिल्ल्यावरून सरकारला कळेल’ असे घरी सांगते. ते ऐकून घरच्यांनी तक्रार द्यायला दोन दिवस उशीर केला तर?

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. एनएफसीची सोय असलेला मोबाइल आणि एक बँक कार्ड घ्या. मध्ये वहीची पाने वाढवत जा आणि कार्ड ओळखले जाणे कोठे थांबते ते पट्टीने मोजा. मग पानांऐवजी ॲल्युमिनियमचा पातळ कागद ठेवा. मिळालेले अंतर तक्त्यावर लिहाच, पण कोणते कार्ड, कोणता मोबाइल आणि मध्ये काय होते, हेही त्याच ओळीत लिहा.