गंडभेरुंडाचे पाय किती?

गडांवरील काल्पनिक प्राण्यांना सरसकट ‘शरभ’ म्हणून मोकळे होण्याची दुर्गलेखनातील सवय आम्हां वऱ्हाडकरांना महागात पडते. पृष्ठवंशी प्राण्यांना हातपाय मिळून चारच. पाखराचे वा वटवाघळाचे पंख म्हणजे बदललेले पुढचे पाय. चार पायांवर पंख लावलेला शरभ हा नियम मोडतो. गाविलगडाच्या दरवाजावरील गंडभेरुंड दोन पाय, दोन पंख राखून तो पाळतो. जास्तीचे आहे ते फक्त डोके. प्राणी वेगळे, तशी कुळेही वेगळी. गंडभेरुंड विजयनगरच्या मुलखातला. तिथलाच, लहानपणी कैद होऊन वऱ्हाडात आलेला फतहउल्ला इमादउल्मुल्क १४९०मध्ये इमादशाहीचा संस्थापक झाला. ‘शरभ’ म्हटले, की दगडात उरलेला हा दुवाच पुसला जातो.