व्हर्जिलचे राजे आणि कार्थेजची राणी

रुस्तुम-सोहराबची गोष्ट वर्गात सांगितली की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, हे खरंच घडलं होतं?" दास्तान आणि तवारीख यांच्यातली सीमा मुलांना समजावणे सोपे नसते. मोठ्या माणसांनाही ती नेहमी कळते असे नाही. व्हर्जिलचे 'ईनिड' हे लॅटिन महाकाव्य इंग्रजी अनुवादातून वाचताना हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडत राहिला.

व्हर्जिलचा काळ इ.स.पू. 70 ते 19. त्याचा नायक ईनियस जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघतो, समुद्रावर वर्षानुवर्षे भटकतो आणि इटलीला पोहोचतो. त्याच्याच वंशात पुढे रोम वसवणारे जन्माला येतात. सम्राट ऑगस्टसचे घराणे स्वतःला या ईनियसचे वंशज म्हणवत असे. म्हणजे दंतकथेतील राजाची स्तुती ही तख्तावर बसलेल्या माणसाचीही स्तुती होती. आठव्या सर्गात ईनियसला देवाने घडवलेली ढाल मिळते. तिच्यावर ऑगस्टसने इ.स.पू. 31 मध्ये जिंकलेली अॅक्टियमची लढाई आधीच कोरलेली असते! भविष्यवाणीच्या पडद्याआडून कवी आपल्या काळाचा इतिहास सांगतो.

हे करताना त्याने जुन्या राजांच्या कथा हव्या तशा वळवल्या आहेत. त्याचा समकालीन इतिहासकार लिव्ही सांगतो की, लॅटिनस राजा ईनियसच्या बाजूने लढताना मारला गेला. व्हर्जिलच्या काव्यात मात्र लॅटिनस रणांगणावर मरत नाही. तो वृद्ध आहे, त्याला युद्ध नको आहे. पण लोकांच्या उन्मादापुढे हतबल होऊन तो महालात स्वतःला कोंडून घेतो. हा बदल अर्थपूर्ण आहे. यादवी युद्धांनी थकलेल्या रोमला दोन जमातींच्या दिलजमाईची कथा हवी होती. म्हणूनच शेवटच्या सर्गात देवांचा राजा निवाडा देतो की, लॅटिन लोकांचे नाव आणि त्यांची भाषा कायम राहील. बाहेरून आलेले ट्रोजन त्यांच्यात मिसळून जातील. जेत्याने जितांची भाषा स्वीकारावी, हा विचार आजही मोलाचा आहे.

मेझेन्शियस हा एट्रुस्कन राजा तर जुलमाची परिसीमाच. तो जिवंत माणसांना प्रेतांशी तोंडाला तोंड लावून बांधतो. आपल्याला शाहनाम्यातला, खांद्यांवर साप वाढलेला जह्हाक आठवतो. पण व्हर्जिल इथे थांबत नाही. बापाला वाचवताना मेझेन्शियसचा तरुण मुलगा लॉसस मारला जातो. तेव्हा हा जालीम माणूस जखमी अवस्थेत आपल्या घोड्याशी बोलतो, मरणासाठी पुन्हा मैदानात उतरतो आणि मुलाशेजारी दफन होण्याची विनंती करतो. शत्रूच्या छातीतही बापाचे काळीज असते, हे सांगणारा कवी दरबारी भाट असू शकत नाही.

मग माझी तक्रार काय? ती आहे कार्थेजच्या डायडो राणीविषयी. जुन्या कथेत डायडो आणि ईनियस यांची भेटच होत नाही. पतीच्या खुनानंतर ती टायर सोडते, आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर शहर वसवते आणि तिथला राजा लग्नासाठी दबाव आणतो तेव्हा दिवंगत पतीशी इमान राखून मरण पत्करते. परंपरेने कार्थेजच्या स्थापनेचे वर्ष इ.स.पू. 814 सांगितले जाते, तर ट्रॉयच्या पाडावाचे 1184. मध्ये साडेतीनशेहून अधिक वर्षांचे अंतर! व्हर्जिलने ते पुसले, राणीला ईनियसच्या प्रेमात पाडले आणि त्याने सोडून जाताच तिला आत्महत्या करायला लावली. मरताना ती शाप देते की, दोन्ही लोकांत कायमचे वैर राहील आणि माझ्या अस्थींतून सूड घेणारा जन्मेल. हा रोख हॅनिबलकडे आहे.

चौथा सर्ग काव्य म्हणून अप्रतिम आहे, आणि म्हणूनच धोकादायकही. रोम आणि कार्थेजची युद्धे इ.स.पू. 264 मध्ये सिसिलीवरच्या वर्चस्वासाठी सुरू झाली. इ.स.पू. 146 मध्ये रोमने ते शहर बेचिराख केले आणि जे वाचले त्यांना गुलाम म्हणून विकले. या साम्राज्यविस्ताराच्या जागी काव्याने एका दुखावलेल्या स्त्रीचा क्रोध ठेवला. पराभूतांचे शहर गेलेच, त्यांच्या राणीची अब्रूही गेली.

पण सत्य अगदीच बुजले नाही. सुमारे इ.स. 200 मध्ये कार्थेजच्याच टर्टुलियनने डायडोचा उल्लेख केला तो तिच्या एकनिष्ठेसाठी. उत्तर आफ्रिकेतच जन्मलेला ऑगस्टीन लिहितो की, बालपणी तो डायडोच्या मृत्यूवर रडला होता. पुढे तो असेही म्हणतो की, ईनियस खरेच कार्थेजला आला होता का, असे शिक्षकांना विचारले तर कमी शिकलेले 'ठाऊक नाही' म्हणतील आणि जास्त शिकलेले 'नाही' म्हणतील.

ऑगस्टीनचे हे म्हणणे आम्हा शिक्षकांनी गाठीशी बांधावे असे आहे. डायडोसाठी मुलांनी जरूर रडावे. ते अश्रू काव्याचा हक्क आहेत. मात्र कुणी "सर, हे खरंच घडलं होतं?" असे विचारले, तर "नाही" म्हणण्याइतका अभ्यास आणि तेवढी हिंमत आपल्याजवळ असली पाहिजे.