‘चोरली’ या क्रियापदाविषयी

कथेची चिकित्सा करताना व्यक्तिचित्रण, आशय आणि शैली असे तीन कप्पे पाडण्याची आपल्याकडे रूढी आहे. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा या कप्प्यांत मावत नाही. रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात गेलेला दलित तरुण जात लपवून राहतो. ती उघड होताच बेदम मार खातो. निवेदकही तोच. ‘लपवली’ न म्हणता तो ‘चोरली’ म्हणतो. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादाच्या (२०१८) शीर्षकात मात्र ‘लपवणे’च आहे. मराठीत चोरी परक्या वस्तूची होते, तसे अंगही चोरता येते. मारणाऱ्यांच्या लेखी तो चोर. स्वतःच्या लेखी आक्रसलेला. एका क्रियापदात हे दोन्ही अर्थ एकवटतात. जात न लपवणारा काशिनाथ समोर येतो, तेव्हा हे आक्रसणे अधिकच जाणवते.

बागुलांची भाषा भडक आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण ज्याला एरवी प्रत्येक शब्द तोलून बोलावे लागले, तो कथन करताना अनावर होणारच. ही अनावरता शैलीचा दोष नसून त्या पात्राची घडण आहे. ती वगळून आशय शोधू गेल्यास हाती ‘अस्पृश्यतेचा प्रश्न’ तेवढा उरतो. कथा उरत नाही.