फळांच्या डब्यांवरील लेबलें : एक साधन-चिकित्सा

कॅलिफोर्नियांतील सांता क्लारा खोऱ्यांत फळांच्या पत्र्याच्या डब्यांवर लावीत तीं रंगीत लेबलें संग्राहक मोठ्या आवडीनें जमवितात. तेथील बागा जाऊन आज संगणकांचा व्यवसाय आला असल्यानें, गेलेल्या उद्योगाचें अस्सल साधन म्हणून त्यांकडे बोट दाखविलें जातें. तीं अस्सल आहेत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तीं कशाचें साधन होत, हें आधीं ठरविलें पाहिजे.

उद्योगाची हकीकत थोडक्यांत अशी. डॉ. जेम्स डॉसन यांनी १८७१ सालीं सॅन होजे येथें घराच्या आवारांत, पत्नीच्या साहाय्यानें, फळें डब्यांत भरण्यास आरंभ केला. १८९९ मध्यें अनेक कारखाने मिळून 'कॅलिफोर्निया फ्रूट कॅनर्स असोसिएशन' झालें. १९१६ मध्यें तें 'कॅलिफोर्निया पॅकिंग कॉर्पोरेशन'मध्यें विलीन झालें. आणि १९६७ मध्यें या कंपनीनें 'डेल माँटे' हें आपल्या मालाचेंच नांव धारण केलें.

संग्राहक बहुधा चित्रांतील पेहरावावरून साल ठरवितात. ही रीत सदोष आहे. गिऱ्हाइकाच्या ओळखीचें झालेलें चित्र व्यापारी सहसा बदलीत नाहीं. त्यामुळें चित्र जुनें व कागद नवा, असें घडतें. दप्तरांतील कागदाचा काळ ठरवितांना आपण शिक्कामोर्तब पाहतों, तसें येथें प्रथम कंपनीचें नांव पाहावें. अमेरिकेंतील १९०६ च्या अन्नशुद्धतेच्या कायद्यास १९१३ मध्यें दुरुस्ती होऊन वेष्टनावर निव्वळ वजन वा माप देणें आवश्यक झालें. तेव्हां त्या देशांत विकावयाच्या मालाच्या लेबलावर असा उल्लेख नसल्यास तें त्यापूर्वीचें असण्याचा संभव अधिक. उल्लेख मागाहून वर छापला असेल, तर मूळ छपाई व वापर हे दोन काळ वेगळे धरावे.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. संग्रहांतील बहुतेक लेबलें कोरीं आहेत. चिकटविलेलीं डब्यांबरोबर नाहींशीं झालीं. वांचले ते वखारींत पडून राहिलेले गठ्ठे. सबब एखादें लेबल विपुल सांपडलें, एवढ्यावरून तो माल फार खपला असें अनुमान काढणें म्हणजे पुरावा उलटा वाचणें होय. शिवाय छापखाने तयार चित्रें ठेवीत व मागणीप्रमाणें त्यांवर कारखानदाराचें नांव छापून देत. अशा लेबलावरील बाग त्या कारखानदाराची होती, असें मानण्यास आधार नाहीं.

या चित्रांत सप्ताळू व जर्दाळू रसरशीत दिसतात. परंतु तीं फळें चिरणाऱ्या व डबे भरणाऱ्या स्त्रियांची आणि परदेशांतून आलेल्या मजुरांची दखल क्वचितच आढळते. त्यांचा इतिहास हजेरीपटांत व पगाराच्या वह्यांत शोधावा लागेल.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, शोभेसाठीं लेबलांच्या कडा कापूं नयेत. छापखान्याचें नांव बहुधा तेथेंच असतें. गठ्ठा कोठें मिळाला, हेंही टिपून ठेवावें. त्या टांचणावांचून सुंदर लेबलही साक्ष देण्यास असमर्थ ठरतें.