सालीपासून फुलापर्यंत

चवथीच्या आधी डिचोलीच्या माटोळी बाजारातून आणलेल्या तोरिंजनाला, म्हणजे पपनसाला, नख लावून पाहावे. सालीतून बारीक फवारा उडतो, नाकात झणझणतो. पाठोपाठ हिरवट कडसरपणा येतो. रसाचा आंबटगोडपणा त्यानंतर, तोही फळ सोलल्यावरच. रोजच्या वापराचा लिंबूवर्गी सेंट निवडताना मी या कडसरपणाकडे पाहतो. बाजारातले बरेच सेंट पहिल्या फवाऱ्यानंतर थेट सरबतावर येतात. मांडवीकाठच्या आमोण्यात मे महिन्याच्या घामाला असला गोडवा सोसत नाही, आणि भरलेल्या बसमध्ये शेजारच्यालाही नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी योहान मारिया फारिना या इटालियन गृहस्थाने जर्मनीतल्या कोलोनमध्ये आपले सुगंधी पाणी तयार केले आणि त्याला त्या शहराचे नाव दिले. तापात आपल्याकडे कपाळावर ज्याच्या घड्या ठेवत, ते कोलन वॉटर याच परंपरेतले. त्याच शहरातले, घरक्रमांकावरून नाव पडलेले ४७११ आजही मिळते. मला ते फार आवडते, आणि का आवडते हे नीट सांगायला हवे.

मनगटावर शिंपडताच लिंबू, संत्रे आणि बर्गमोट समोर येतात. ही तेले सालींतून काढलेली, म्हणून त्यांत रसाचा चिकटपणा नसतो, नुसती धार असते. मग लव्हेंडर आणि रोजमेरी येतात. त्यांचा औषधी उग्रपणा लिंबाला गोड होऊ देत नाही, आणि या पाण्याचा ताजेपणा मुख्यतः इथे तयार होतो असे मला वाटते. शेवटी उरतात नेरोली आणि पेटीग्रेन. नेरोली कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क, पेटीग्रेन त्याच झाडाच्या पानांचा आणि कोवळ्या डहाळ्यांचा. साल उडून गेल्यावर पान आणि फूल मागे राहते. एका बाटलीत अख्खे झाड असे उलगडत जाते, ही रचना मला विलक्षण सुंदर वाटते. पेटीग्रेनचा तो किंचित कडू, लाकडी वास शर्टाच्या कॉलरवर रेंगाळतो तेव्हा तर फारच.

टिकत नाही, ही तक्रार खरी आहे. सालीच्या तेलातले लिमोनीन हलके, उन्हात ते आणखी लवकर उडते. संध्याकाळपर्यंत वास हवा असेल त्यांनी दिओरचे ओ सोवाज हुंगून पाहावे. एडमंड रुदनित्स्का यांनी ते १९६६ साली घडवले. जाईच्या जवळ जाणारे हेडिओन हे द्रव्य त्यात लिंबाला हवेशीर ठेवते, आणि तळाशी वाळा असतो. वाळ्याची ओळख आपल्याला करून द्यायला नको. किंमत मात्र रोजच्या वापराला जड जाते. म्हणून सकाळी ४७११ आणि पिशवीत त्याचीच छोटी बाटली, हे मला अधिक पटते.

दुकानात कागदाच्या पट्टीवर निकाल लावू नये. मनगटावर घ्यावे, बाहेर सावलीतून एक फेरी मारावी आणि तासाभराने पुन्हा हुंगावे. तेव्हा पान लागले तर घ्यावे, साखर लागली तर सोडावे. बर्गमोटच्या तेलातल्या बर्गाप्टेनमुळे उन्हात कातडीवर काळे डाग पडू शकतात. म्हणून उघड्या मानेपेक्षा कपड्यांखाली लावलेले बरे. बाटली स्कूटरच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नये. ऊन आणि उष्णता लागली की लिंबूवर्गी तेले बिघडतात आणि त्यांना टर्पेंटाइनचा वास येऊ लागतो.