सांधा आणि डौल : युद्धक्रीडेतील लघुमूर्तींच्या रूपांतरणाविषयी

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धक्रीडेतील सैनिकांच्या लघुमूर्तींना शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यात १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतले जाऊ लागले. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने अशा सैनिकांच्या खेळास नियमांची चौकट दिली. या खेळाच्या छायेत एक उपकला वाढली. विकत घेतलेल्या मूर्तीचे अवयव कापून, वळवून व पुट्टीने नवे भाग घडवून तिचे दुसऱ्याच व्यक्तीत रूपांतर करणे, ही ती कला होय. तिच्याविषयी दोन मते आढळतात. रूपांतरण ही दुसऱ्याच्या निर्मितीवरील डागडुजी आहे, असे एक मत. आणि जोडकामाचा सांधा दिसेनासा करणे यातच तिचे सर्वस्व आहे, असे दुसरे. प्रस्तुत लेखात ही दोन्ही मते अपुरी असल्याचे दाखवावयाचे असून, या कलेचा खरा निकष मूर्तीच्या देहातील भाराची नवी मांडणी हा आहे, असे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रथम द्रव्याचा विचार करू. या क्षेत्रात सर्वाधिक रूढ असलेली पुट्टी म्हणजे निडॅटाइट नावाचे इपॉक्सी द्रव्य. ते निळ्या व पिवळ्या अशा दोन पट्ट्यांच्या रूपात मिळते. पट्ट्या समप्रमाणात मळल्या की हिरवा गोळा तयार होतो. म्हणूनच त्यास ‘ग्रीन स्टफ’ हे नाव पडले. पिवळा भाग वाढविला तर गोळा मऊ व चिकट राहतो, निळा वाढविला तर धार अधिक स्पष्ट उमटते. साधारणतः तासभर ते वळते. पूर्ण घट्ट होण्यास सुमारे एक दिवस लागतो. मळल्यानंतर प्रारंभी ते रबराप्रमाणे मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते, म्हणून कसबी हात काही वेळ थांबतो. हत्यार ओले ठेवावे लागते, अन्यथा पुट्टी त्यालाच चिकटते. सुकल्यावरही ही पुट्टी किंचित लवचीक राहते. त्यामुळे कानस तीवर नीट चालत नाही. जो आकार द्यावयाचा तो ओलेपणीच द्यावा लागतो. मिलिपुट हे द्रव्य याउलट दगडासारखे कठीण होते व घासता येते. म्हणून चिलखताच्या सपाट पत्र्यासाठी एक आणि वस्त्राच्या चुणीसाठी दुसरे, अशी निवड जाणता कलावंत करतो.

आता पहिल्या मताकडे वळू. ‘मूळ’ मूर्ती स्वतंत्र आणि रूपांतरित मूर्ती परतंत्र, हे गृहीतच तपासून पाहावयास हवे. धातूच्या लघुमूर्तीची मूळ प्रतिकृती तारेच्या सांगाड्यावर बहुधा याच हिरव्या पुट्टीने घडविली जात असे. ती व्हल्कनाइज्ड रबराच्या दोन चकत्यांमध्ये दाबून साचा तयार होई, व तो वेगाने फिरवीत त्यात वितळलेला मिश्रधातू ओतला जाई. आत वळलेली खोल खाच साच्यात अडकते. म्हणून हात देहाच्या प्रतलातच पसरलेले ठेवणे, शस्त्र छातीला चिकटविणे असे संकेत निर्माण झाले. मूर्ती सुट्या भागांत ओतून ही अडचण कमी करता येते, पण संपूर्ण टळत नाही. प्लॅस्टिकसाठी वापरल्या जाणाऱ्या पोलादी साच्यास तर रबराची लवचीकताही नसते. मायकेल व ॲलन पेरी या जुळ्या बंधूंच्या ऐतिहासिक सैनिकांचे मोठेपण असे, की या बंधनांतही त्यांचे सैनिक सहजपणे उभे राहतात. वस्त्र देहावरून ओघळल्यासारखे वाटते. परंतु बंधन ते बंधनच. रूपांतरित मूर्ती पुन्हा साच्यात जावयाची नसते. ती एकमेव असते. दोन्ही हात पुढे झोकून पडणारा सैनिक, जखमी सोबत्यास काखेत धरून ओढणारा शिपाई, वाऱ्याने पूर्णपणे उलटलेला झगा, या गोष्टी तिला मोकळ्या आहेत. किंबहुना, साच्याच्या दृष्टीने पाहता मूळ मूर्तीच अधिक परतंत्र ठरते.

दुसरे मत अधिक फसवे आहे. सांधा दिसू नये ही अपेक्षा रास्त आहे. पण ती कारागिरीची किमान अट होय, कलेचा निकष नव्हे. २८ मिलिमीटर मापाच्या मूर्तीत चेहरा जेमतेम चार मिलिमीटरांचा असतो. एवढ्या लहान पृष्ठावर खऱ्या मापाच्या सुरकुतीची छाया डोळ्यांना जाणवत नाही. म्हणून चुणी खोल, भुवई जाड, हात मोठा करावा लागतो. येथे यथातथ्य अनुकरण हेच असत्य ठरते. एखाद्या सैनिकाचे डोके काढून दुसरे बसविले, मानेभोवती पुट्टीचा गळपट्टा गुंडाळला व सांधा पूर्ण झाकला, तरी डोके डावीकडे वळले असता खांदा जर जागचा हालला नसेल, तर मूर्ती मेलेलीच राहते. झग्याची चुणी खांदा, कोपर व कमरपट्टा या ताणाच्या बिंदूंपासून निघाली पाहिजे. ती केवळ समांतर रेषांची नक्षी झाली की खाली देह नाही हे उघड होते. मर्ढेकरांनी सौंदर्याची उपपत्ती लावताना संवाद, विरोध व समतोल हे लयनियम सांगितले. त्यांतील समतोल येथे अगदी शब्दशः लागू पडतो: एक हात उचलला की नितंबाने त्याचे उत्तर दिले पाहिजे.

या दृष्टीने पाहता अलंकारप्राचुर्य हा या कलेचा प्रमुख दोष दिसतो. ‘वॉरहॅमर’ या १९८३ मध्ये आरंभ झालेल्या खेळाच्या कल्पनाविश्वात कवट्या, साखळ्या, फडफडणाऱ्या पट्ट्या यांची रेलचेल आहे. पुट्टी हाती असली की त्यांत भर घालण्याचा मोह अनावर होतो. जॉन ब्लांश यांच्या रूपांतरित मूर्ती येथे उद्‌बोधक आहेत. त्यांतही जोडकाम विपुल आहे आणि ते सफाईदार असल्याचा आव नाही. तथापि व्यक्तीची बाह्यरेषा आधी ठरते आणि वस्तू तिच्या आश्रयाने येतात. २००१ मध्ये आलेल्या ‘इन्क्विझिटर’ या खेळात मूर्तीचे माप ५४ मिलिमीटर होते व प्रत्येक पात्र एकमेव असावे अशी त्याची प्रकृती होती. अशा ठिकाणी अलंकार हा चरित्राचा पुरावा होऊ शकतो. झिजलेला बूट सैनिकाची वाटचाल सांगतो. जो अलंकार काहीच सांगत नाही, तो पुट्टीचा अपव्यय होय.

येथे एक आक्षेप संभवतो. आज मूळ मूर्ती पुष्कळदा संगणकावर घडविल्या जातात व रेझिनमध्ये थेट छापल्या जातात. तेथे साच्याचे बंधन नाही आणि सांधाही नाही. मग पुट्टीच्या या कलेचे प्रयोजन काय? सांधा झाकणे हेच तिचे सर्वस्व मानणाऱ्यांपाशी या प्रश्नाला उत्तर नाही. त्यांच्या निकषावर यंत्र केव्हाच जिंकले आहे. भाराची मांडणी हा निकष स्वीकारला तर मात्र उत्तर मिळते. संगणकावरील आकृतीला वजन नसते. ती तोल न जाता कोणत्याही अवस्थेत तरंगत राहू शकते, आणि तिचा तोल कलावंताला केवळ नजरेने सांभाळावा लागतो. पुट्टी वापरणाऱ्यास खालचा थर सुकेपर्यंत थांबावे लागते, नाहीतर बोटाच्या दाबाने कालचे काम आज मोडते; पितळी तारेची खीळ घालूनच हात जोडावा लागतो, नाहीतर तो गळतो. द्रव्याचा हा विरोध कलावंताला देहाचा विचार करावयास भाग पाडतो.

रूपांतरणाची समीक्षा करणाऱ्याने म्हणूनच मूर्ती शक्य तर रंग चढण्यापूर्वी पाहावी. धातूच्या करड्या रंगावर हिरवी पुट्टी तेव्हा स्पष्ट दिसते. काय मिळाले होते व काय घडविले, याचा हिशोब समोर असतो. तो हिशोब डोळ्यांना दिसत असूनही मूर्ती जर एकाच श्वासाने उभी असेल, तर ते रूपांतरण निर्मितीच्या पदवीस पोहोचले असे मानावयास प्रत्यवाय नसावा.