जेफर्सनच्या दोन वह्या

अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत माँटिसेलो नांवाची जी डोंगरावरील इस्टेट आहे, तिचा धनी टॉमस जेफर्सन हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कर्ता म्हणून आमच्या वाचकांस परिचित आहेच. त्याच्या दोन घरगुती वह्यांविषयीं येथें लिहावयाचें आहे. पहिली बागेची. ती त्यानें १७६६ त, वयाच्या बाविसाव्या वर्षीं आरंभिली व १८२४ पर्यंत चालविली. दुसरी शेतीची, १७७४ पासून त्याच्या मृत्यूपर्यंतची, म्हणजे १८२६ पर्यंतची. एडविन बेट्स यांनीं पहिली १९४४ त व दुसरी १९५३ त संपादून प्रसिद्ध केली. दोहोंचीं पुस्तकें निराळीं, म्हणून तीं निराळीं वाचण्याची खोड आम्हांसही होती. आणि अनेक वर्षें वर्गांत आम्ही वाखाणली ती पहिलीच.

तिची गोडी खोटी नव्हे. तिचा आरंभच हायसिंथ फुलल्याच्या नोंदीनें होतो. वाटाणा केव्हां पेरला, केव्हां उगवला, केव्हां पानांत वाढला, हें सारें तींत तारीखवार आहे. वाटाण्यावर या गृहस्थाचा विशेष लोभ; पंधरा जाती त्यानें लाविल्या होत्या. पहिला वाटाणा कोणाच्या बागेंत तयार होतो अशी शेजाऱ्यांत दरसाल चुरस लागे, आणि जिंकणाऱ्यानें इतरांस जेवूं घालावें असा परिपाठ होता. बहुधा जॉर्ज डायव्हर्स नांवाचा शेजारी जिंके. जें बीं उगवलें नाहीं, जें रोप थंडीनें करपलें, त्याचीही नोंद जेफर्सन प्रामाणिकपणें करी. हा प्रामाणिकपणाच आम्हांस मोह घाली.

परंतु या वहीच्या वाक्यरचनेंत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पेरलें, खणलें, लावलें. कर्ता बहुधा गळालेला. हजार फूट लांबीची ती भाजीची पायरी डोंगराच्या कुशींत खोदली कोणीं? भाड्यानें आणलेल्या गुलाम मजुरांनीं. 

गळालेले हे कर्ते दुसऱ्या वहींत सांपडतात. १७७४ च्या यादींत ते १८७ आहेत. आईचें नांव, मुलाचें नांव, जन्मसाल. मग मक्याचें पीठ, खारे मासे, कांबळीं. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांनीं तान्हीं सांभाळावीं. दहापासून सोळापर्यंत मुलग्यांनीं खिळे घडवावे, मुलींनीं सूत कातावें. सोळाव्या वर्षीं शेतांत जावें किंवा धंदा शिकावा, असा नियम तेथें घालून दिलेला आहे. अक्षर तेंच, आणि व्यवस्थितपणाही तोच.

कीर्दींत भावना शोधूं नये, असें कोणी म्हणेल. आमच्याकडील जुन्या वाड्यांच्या रोजकीर्दींतही कोणी अश्रु ढाळलेले आढळत नाहींत, हें आम्हांस मान्य आहे. पण ज्याला एका फुलाच्या उमलण्यासाठीं शब्द सुचतो, त्याची लेखणी माणसांपाशीं कां आटते, हा प्रश्न टीकाकारानें विचारावयाचा नाहीं तर कोणी?

सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या मुलांच्या नोंदी पाहाव्या. त्यांच्या बापाचें नांव कोठेंच नाहीं. मुलगी हॅरिएट, तिच्या नांवापुढें ती १८२२ त पळाल्याची एका शब्दाची टीप. तिचा भाऊ बेव्हर्ली याच्यापुढेंही तीच. मुकादम एडमंड बेकन यानें मात्र पुढें सांगितलें, कीं मालकाच्याच आज्ञेवरून आपण हॅरिएटला पन्नास डॉलर दिले व गाडींत बसवून दिलें. तिचा दुसरा भाऊ मॅडिसन यानें १८७३ त आमचा बाप जेफर्सनच, असें छापून प्रसिद्ध केलें. १९९८ च्या रक्तपरीक्षेनंतर बहुतेक इतिहासकार तें मानतात. असें असेल तर त्या एका शब्दांत एका बापानें मुलीस निरोप दिला, आणि तो देतांनाही हिशेबाची शिस्त मोडली नाहीं. साऱ्या वहींत याहून लपवालपवीचा दुसरा शब्द आम्हांस आढळला नाहीं. ज्या प्रामाणिकपणाचा आम्हांस मोह पडला होता, तो वाटाण्यापुरताच ठरला.

जेफर्सन मोठें कर्ज मागें ठेवून वारला. १८२७ च्या जानेवारींत माँटिसेलोवरील १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. माळी वर्म्ली ह्यूजेस यानेंच धन्याची कबर खणली होती. त्याची बायको उर्सुला आणि मुलें त्या लिलावांत विकलीं गेलीं.